ब्झा

मार्त्विलीच्या वरच्या अंगाला, नदीच्या घळीत
ही झाडं उभी होती. आमच्या भाषेत ब्झा.
इतकी सावकाश वाढणारी, की बापानं लावावं
आणि नातवाच्या हाती छडीपुरती फांदी यावी.

मग हिरव्या अळ्या आल्या.
दोन उन्हाळ्यांत घळ पेंढ्याच्या रंगाची झाली.
तेव्हापासून झावळ्यांच्या रविवारी
लोक दुसऱ्याच कुठल्या झुडपाच्या डहाळ्या चर्चमध्ये नेतात,
सणाला मात्र म्हणतात ब्झोबाच.

त्यातल्या एका वाळल्या खोडाचा हा ठोकळा:
वीतभर रुंद, दोन विती लांब,
पाण्यात टाकला तर दगडासारखा तळ गाठेल.
बोंडोच्या बैलगाडीतून आणला, दोन्ही टोकांना मेण फासलं,
पेन्सिलीनं खाली तारीख लिहिली
आणि फळीवर ठेवून दिला, शेगडीपासून लांब.
अकरा वर्षं झाली.

लाकूड वाळायला वेळ घेतं, हे कातारी जाणतो.
त्याच वेळात आपणही वाळतो,
हे त्याला कुणी शिकवत नाही.

मागण्या पुष्कळ.
पाद्री इलारिओनना वेदीवर मेणबत्तीचा खांब हवाय.
बोंडोला बुद्धिबळ. "निदान पांढरी बाजू तरी!"
काळी कशाची करायची, ते तो सांगत नाही.
बातुमीहून आलेला एक माणूस
वाडग्याचे इतके पैसे बोलला
की त्सिरानं चहा ओतता ओतता किटली हवेतच धरली.

वाडगा. आता वाडगा म्हणजे काय, तर
जे चांगलं आहे ते मधूनच कोरून काढायचं,
पायाशी त्याचा ढीग पाडायचा
आणि उरलेल्या कडेवरून कौतुकानं बोट फिरवायचं.
दोनशे चाळीस वर्तुळं मी भिंगाखाली मोजली,
पुढे डोळ्यांना पाणी आलं. वयानं, दुसरं काही नाही.
त्यातली किती केरसुणीनं लोटू?

त्सिरा म्हणते, "अक्रोड कुटायला माझा बत्ता कर
आणि मोकळा हो एकदाचा."
थट्टेत म्हणते. निम्मी थट्टेत.

काल रात्री ठोकळा लेथवर चढवला.
पटाशी भिंतीलाच राहू दिली,
पट्टा सगळ्यात हळू चाकावर, आणि बटण दाबलं.
चौकोनी लाकूड फिरताना चौकोनी राहत नाही.
आत एक घट्ट पिवळा गोल दिसतो,
बाहेर कोपऱ्यांचा धूर, आरपार.
त्या धुराच्या आत सगळं मावत होतं:
मेणबत्तीचा खांब, आठ प्यादी, वाडग्याची कड, त्सिराचा बत्ता.
बटण बंद केलं. पुन्हा ठोकळा.
माझा उजवा हात टेकणीवर होता.
लेथ थांबल्यावरही तो थोडा वेळ थरथरत राहिला.

आज सकाळी पिक्रिया आली, चोंगुरी शालीत गुंडाळून.
"मधली खुंटी सुटते," म्हणाली,
"गाणं अर्ध्यात आलं की आखूड तार उतरते.
नवी करून दे. कसलंही लाकूड चालेल."

कसलंही.
मी फळीकडे पाहिलं. मग कालचा तो धूर आठवला.
काहीही करायचं ठरलं असतं
तरी कोपरे आधी जाणारच होते.
एका कोपऱ्यातून, रेषांच्या दिशेनं,
बोटाएवढी कांडी करवतीनं उतरवली.

छोट्या लेथवर ती बघता बघता गोल झाली.
साल निघाली लोण्याच्या रंगाची, लांबच लांब, मध्ये न तुटता.
हात तेव्हा थरथरला का,
खरंच आठवत नाही.

पिक्रियानं तार चढवली, छेडली, कान लावून
वाट पाहत बसली. मीही.
शेगडीतलं एक लाकूड ढासळलं.
तार उतरली नाही.

"किती द्यायचे?"
म्हटलं, मक्याचं पीठ दे कधीतरी, नवं निघालं की.

ठोकळा परत फळीवर आहे,
कापल्या अंगाला ताजं मेण,
जुन्या तारखेखाली आजची तारीख.
अजून तीन कोपरे आहेत.